गदा छाप, मुक्काम मनोरी

मनोरी आमच्या साकीनाक्यापासून फार लांब नाही. तरी आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळ्यागाळ्यांतून विचारत फिरलात तर तिथे जाऊन आलेला माणूस मिळणं कठीण. समुद्रावर लोक सुट्टीला जातात, आणि आमच्याकडे सुट्टी म्हणजे ज्या दिवशी वीज जाते तो दिवस. मीही गेलो नसतो. मला तिथे भांडायला जायचं होतं म्हणून गेलो, आणि एका दुपारचं काम तीन दिवस पुरलं.

भांडण कशाचं ते आधी सांगतो. मी रॉकेलच्या स्टोव्हचे पितळी बर्नर बनवतो. घरोघरी गॅस आल्यापासून इथलं गिऱ्हाईक संपलं. माझा माल आता बाहेर जातो, येमेनला, सुदानला, इजिप्तला, जिथे सिलिंडर वेळेवर पोचत नाही तिथे. प्रत्येक बर्नरच्या मानेवर मारुतीची गदा आणि तिच्याखाली इंग्रजीत ‘इंडिया’ असा ठसा असतो. हा ठसा मी स्वतः कोरला. वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शारजात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. परत येऊन गाळा घेतला तेव्हा कोरणाऱ्याला द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून हातानेच कोरला. गदेचा गोळा जरा मोठा झालाय हे मला माहीत आहे. आजवर कोणी बोललं नव्हतं.

पॅलेस्टिनी लोकांच्या बाजूने तिथल्या युद्धाच्या बातम्या देणारं इंटरनेटवरचं एक वृत्तपत्र आहे. ते कुठल्या सरकारचं नाही आणि कुठल्या शेठचंही नाही. जगभर विखुरलेले काही लोक वाचकांच्या वर्गणीवर ते चालवतात. मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. एक दिवस त्यांनी एक फोटो छापला. गाझात एक घर पडलेलं, त्या ढिगाऱ्यात सापडलेला काळवंडलेला पितळी तुकडा, आणि त्या तुकड्यावर माझी गदा. खाली ओळ होती : ‘ढिगाऱ्यात सापडलेला शस्त्राचा भाग, बॉम्बची खूण आणि भारताचं नाव असलेला.’

दुबईतल्या आमच्या एजंटाने ते पाहिलं आणि पुढचा माल थांबवला. मग पोलीस ठाण्यातून दोघे आले, चहा प्यायले, ठशाचे चारी बाजूंनी फोटो काढून गेले. मग इस्टेटीत माझं नाव बॉम्बवाला पडलं. शेजारच्या गाळ्यातला गाला स्प्रिंगा बनवतो, माणूस चांगला आहे, पण रोज सकाळी शटर वर करताना विचारायचा, “परब, आज कुठे टाकणार?” तीस वर्षांत कमावलेलं एक नाव, त्यावर असं हसू. माझी मागणी एवढीच होती की तो फोटो तिथून काढून टाका.

मी त्यांना मेल पाठवले, सगळे मोठ्या अक्षरांत. पाच-सहा मेलांनंतर नादिया नावाच्या बाईचं उत्तर आलं. भाषा थंड आणि सभ्य होती. तिने लिहिलं होतं की ती या वृत्तपत्राच्या संपादकांपैकी एक आहे, राहते अम्मानला, पण सध्या आईच्या कमरेच्या ऑपरेशनसाठी माझ्याच शहरात आहे. ऑपरेशन अंधेरीच्या हॉस्पिटलात झालं, आता डॉक्टरांनी मोकळ्या हवेत चालायला सांगितलंय म्हणून दोघी मनोरीला एका कॉटेजमध्ये उतरल्या आहेत. ‘ती वस्तू घेऊन या, मी बघेन.’

वस्तू म्हणे. मी बर्नर पिशवीत टाकला, आणि नुसत्या बर्नरवरून अडाण्याला काय कळणार म्हणून अख्खा स्टोव्हच गोणत्यात बांधून स्कूटरवर पायांमध्ये ठेवला.

मार्वे धक्का

मालाडपर्यंत सगळं ओळखीचं. त्यापुढे रस्त्याला झाडं लागतात, वाहनांचा आवाज कमी होतो, आणि मार्वेला रस्ता पाण्यात जाऊन संपतो. पलीकडे मनोरी दिसते. एवढी जवळ, की हाक मारली तर पोचेल असं वाटतं. तिथे जायला सपाट बोट आहे. तिच्यात माणसं, स्कूटरी, बर्फाच्या लाद्या, कोंबड्यांच्या जाळ्या सगळं एकत्र चढतं. तिकीट फाडणाऱ्याने गोणतं हाताने चाचपलं आणि सामानाचं वेगळं तिकीट लागेल म्हणाला. मी म्हटलं, हे सामान नाही, पुरावा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वेगळं तिकीट फाडलं.

खाडी ओलांडायला चहा प्यायला लागेल तेवढाच वेळ लागतो. पण ओहोटी होती. पलीकडच्या उतरणीवर शेवाळ होतं, माझं पुढचं चाक घसरलं आणि मी, स्कूटर आणि पुरावा असे तिघे आडवे झालो. जाळी घेऊन बसलेल्या कोळणींनी आधी पोटभर हसून घेतलं, मग दोघींनी येऊन स्कूटर उभी केली. स्टोव्हच्या टाकीला पोचा आला होता. माझ्या कोपराचं मी नंतर पाहिलं.

गावात शिरलं की दोन्ही बाजूंना बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, दोन-दोन जोडून, तोंडात तोंड अडकवून. साकीनाक्याला ऑइलचा आणि वेल्डिंगचा वास असतो, इथे हा. दोन्हींची सवय व्हायला सारखाच वेळ लागतो असं मला तिसऱ्या दिवशी कळलं. गल्लीच्या वळणावर चुन्याने रंगवलेला क्रूस, त्याला झेंडूचा हार. आमच्या गावी देवगडकडे अशाच वळणावर गावाचा राखणदार देव असतो, त्यालाही हारच.

कॉटेज फिलूमावशीचं होतं. ही इथलीच ख्रिस्ती बाई, साठीची, लुगडं नेसणारी. ती ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. मी कोण ते सांगायच्या आधीच म्हणाली, “तो मोठ्या अक्षरांत लिहिणारा तूच ना?”

पहिली दुपार

नादिया जेवणाच्या टेबलावर काम करत होती. पस्तिशीची, केस कापलेले, डोळ्यांखाली काळं. समोर एक लॅपटॉप आणि दोन फोन. तिची आई ओसरीत खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिला उम्म खालिद म्हणायचं असं मला सांगण्यात आलं, म्हणजे खालिदची आई. थोरल्या मुलाच्या नावाने आईला हाक मारायची त्यांची रीत. आमच्या चाळीत माझ्या आईला कोणी तिच्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, ती कायम बाळ्याची आई होती. बाळ्या म्हणजे माझा मोठा भाऊ, त्यामुळे माझा तेव्हाही कुठे उल्लेख नव्हता.

बोलणं माझ्या शारजाच्या इंग्रजीत आणि वर्कशॉपमधल्या अरबीत झालं. मी फार वेळ घालवला नाही. पिशवीतून बर्नर काढला आणि लॅपटॉपच्या शेजारी आपटला. नादियाने तो उचलला, फिरवला, फोटोशी ताडून पाहिला. गदेवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमच्या देवाचं आयुध. ती म्हणाली, “आयुध म्हणजे शस्त्रच ना?” माझं डोकं सटकणार होतं, तेवढ्यात खाटेवरून म्हातारी मोठ्याने म्हणाली, “बाबूर!”

बाबूर म्हणजे त्यांच्याकडचा रॉकेलचा स्टोव्ह. म्हातारीने हात पुढे केला, बर्नर मागून घेतला आणि मांडीवर ठेवून त्याच्या नळ्यांवरून अंगठा फिरवत राहिली. निर्वासितांच्या छावणीत ती लहानाची मोठी झाली तेव्हा तंबूतंबूत हेच पेटायचे, पहाटे सगळ्यांचा आवाज एकदम सुरू व्हायचा. हे तिने लेकीला सांगितलं आणि लेकीने मला. गदा मात्र तिला मुसळ वाटली होती.

मी म्हटलं, झालं ना? तुमच्या आईनेच ओळखलं. काढा फोटो.

नादिया म्हणाली, “आई हा सोर्स नाही.”

मग तिने त्यांची रीत सांगितली. एकदा छापलेलं ते काढत नाहीत. चुकलं असेल तर चुकलेली ओळ वाचता येईल अशी खोडून ठेवतात आणि तिच्याखाली दुरुस्ती लिहितात. गुपचूप काढलं तर ज्यांनी आधीच उचलून इकडेतिकडे पसरवलंय त्यांच्याकडे चूक तशीच राहते, आणि तिला उत्तर कुठेच राहत नाही. आणि दुरुस्तीसुद्धा एकाच्या सांगण्यावरून करत नाहीत. दोन वेगळी माणसं लागतात, त्यांपैकी एकाने ती वस्तू, तीच वस्तू, हातात धरलेली असावी लागते.

“मी बनवलाय तो,” मी म्हटलं.

“तुम्ही मालक आहात. मालक आपल्या मालाबद्दल वाईट कशाला बोलेल?”

पितळवाल्याला मी दर महिन्याला हेच वाक्य ऐकवतो.

फोटो काढणारा सामी गाझातच होता. तिने त्याला निरोप पाठवला होता, पण तिथलं नेटवर्क बंद होतं. उत्तर तासाभरात येईल किंवा चार दिवसांनी. तिने मला घरी जाऊन वाट बघायला सांगितलं. मी हललो नाही. ओटा सोडला की सौदा गेला, हे मी धंद्यात शिकलोय. फिलूमावशीकडे मागची खोली होती. तिच्याशी भाव करायला गेलो तर ती कोळंबीवरून मान वर न करता म्हणाली, “बोटीत झोप. तिथे वारा पण आहे.” मी खोली घेतली. रात्री इथल्या घरांतून बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याची कोळंबी आणि तळलेले गोल फुगे जेवलो. हे फुगे आंबवलेल्या पिठाचे असतात, आमच्या वड्यांचे सोज्वळ भाऊ. बायकोला फोन केला तर तिने विचारलं, “भांडायला गेलात की जेवायला?”

दुसरा दिवस

सकाळी समुद्रावर जाऊन आलो. वाळू काळसर, माणूस नाही, एक कुत्रा आणि दूरवर होड्या. पाहण्यासारखं सगळं लवकर पाहून झालं. मग ओसरीत बसून मी ते वृत्तपत्र कसं चालतं ते पाहत राहिलो. मला दुसरं काम नव्हतं.

माझी कल्पना होती की अशा ठिकाणी लोक टेबलं बडवून बोलत असतील. तसं काही नव्हतं. ती बाई दिवसभर नावं तपासत होती. तिकडून तुकड्यातुकड्यांत निरोप यायचे. कोणी गेलं असेल तर त्याचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, मग घराणं. एकाच नावाची माणसं पुष्कळ असतात, आणि जिवंत माणसाला मेला म्हणून छापलं तर त्याच्या परदेशातल्या बहिणीचं काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं. म्हणून ती पुन्हा विचारायची, दुसऱ्याला विचारायची, ताळा जमला नाही की ओळ पुसून टाकायची. एकदा एक चांगला लांब मजकूर तिने माझ्यासमोर उडवला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, सांगणारा एकच होता. तिचा आवाज वर नाही, खाली नाही. मध्येच उठून आईला धरून ओसरीत चार फेऱ्या चालवायची आणि परत बसायची. माझ्याकडे बर्नर तपासायला गेज असतो, त्यात बसला तर पास, नाही तर भंगार. तो गेज हातात असलेला माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती. हे कळल्यावर माझा राग जरा वाढलाच. इतकं तपासणाऱ्यांनी माझ्याच वेळी काय केलं?

दुपारी उम्म खालिदने फर्मान काढलं की स्टोव्ह पेटवा. रॉकेल आता रेशनवरही मिळत नाही. फिलूमावशीच्या भाच्याच्या होडीतलं डिझेल मिळालं. मी ओसरीत स्टोव्ह मांडला, चिंधी पेटवून बर्नर तापवला, पंप मारला. पिवळ्या जाळाचा झाडूएवढा लोळ उठला आणि मावशीच्या पांढऱ्या छताला काळा डाग पडला.

“अरे मेल्या,” मावशी म्हणाली, “बॉम्बवाला म्हणतात ते खोटं नाही रे.”

म्हातारीने काठीने माझा हात पंपावरून बाजूला केला. डिझेलला बर्नर दुप्पट तापवावा लागतो, हे मलाही ठाऊक आहे, पण तीन बायका बघत असताना घाई होते. दुसऱ्यांदा नीट तापवला. पिवळा जाळ आखडत आखडत निळा झाला आणि तो आवाज सुरू झाला, सरळ, न थांबणारा. म्हातारीने डोळे मिटले. 

त्यावर तिने खाटेवरून हुकूम सोडत लेकीकडून मकलूबा करून घेतला. तळाला कोंबडी, वर तळलेली वांगी, त्यावर तांदूळ, आणि शिजल्यावर अख्खं पातेलं परातीत उपडं करायचं. उपडं केल्यावर लगेच उचलत नाहीत. घरातल्या प्रत्येकाने बुडावर थाप मारायची, मग उचलायचं. आमच्या थापाही घेतल्या. फिलूमावशी म्हणाली, उपडंच करायचं तर आधी सरळ कशाला लावायचं? पण तिने दोनदा घेतला. मला मीठ कमी वाटलं. आमच्याकडे एवढ्या वांग्यांत तिरफळं आणि सुकं खोबरं पडल्याशिवाय कोणी जेवायला बसत नाही.

जेवणानंतर मरमियाच्या पानांचा चहा आला. गवती चहाचा दूरचा नातेवाईक, जरा कडू. पोट भरलेलं असताना सौदा करावा म्हणून मी सुरुवात केली. फोटो काढा, मी तुमच्या पेपरला वर्षभर जाहिरात देतो. नादिया म्हणाली, आम्ही जाहिराती घेत नाही. मग निदान ठसा झाका. नाही. मग पहिल्या पानावरून मागे ढकला. तो केव्हाच मागे गेलाय, ती म्हणाली. मी जे जे टेबलावर ठेवत होतो ते ती उचलून मला परत देत होती. शेवटी मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो.

“तुमच्या लोकांची घरं पडली त्याला मी काय करू? माझं नाव पडलंय, ते उचला.”

आतून मावशीच्या भांड्यांचा आवाज थांबला. नादियाचा चेहरा बदलला नाही. खाटेवरून आईने विचारलं, तो काय म्हणाला. मला वाटलं ती काहीतरी सौम्य करून सांगेल. तिने शब्द न् शब्द सांगितला. तेवढं अरबी मला कळतं. माझंच वाक्य मी दुसऱ्या भाषेत उभ्याने ऐकलं.

उम्म खालिदने पाय खाली घेतले. ती लेकीशी बोलली आणि नादियाने तेही तसंच मला सांगितलं.

“ती म्हणते, बरोबर बोलतोय. घर गेल्यावर आमच्याकडे गावाचं नावच राहिलं होतं. त्याचं नाव नीट लिही.”

आणि मग स्वतःचं म्हणून नादियाने पुढे जोडलं, “सामीचं उत्तर आल्यावर.”

मी समुद्रावर गेलो. तो कुत्रा तिथेच होता.

तिसरा दिवस

सकाळी चहा घेत असताना फोन वाजला. सामीचा आवाजी निरोप होता, वाऱ्याने अर्धा खाल्लेला. नादियाने तो तीनदा ऐकला, मग लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला, सामीने पाठवला होता तसा. मी पहिल्यांदा तो अख्खा पाहिला.

त्यात एक हात होता. बर्नर ढिगाऱ्यात पडलेला नव्हताच. एका बाईने तो धुळीने भरलेल्या हातात धरला होता, बाजारात नारळ दाखवतात तसा. छापताना मापात बसवायला कोणीतरी हात कापला होता. सामीने सोबत शस्त्र वगैरे काही लिहिलं नव्हतं, ‘घरातून काढलेलं पितळ, त्यावर भारतीय खूण’ एवढंच.

“खालची ओळ माझी आहे,” नादिया म्हणाली. “त्या दिवशी आईला ऑपरेशनला आत नेलं होतं. मी बाहेर बाकावर बसून लिहिली. मी विचारायला हवं होतं, नाही विचारलं.” हे सांगतानाही तिचा सूर नावं तपासतानाचाच होता. मी दोन दिवस याच वाक्याची वाट बघत होतो, आणि ते आल्यावर पुढे काय बोलायचं ते माझं ठरलेलं होतं. पण निरोप संपला नव्हता.

बर्नर त्या बाईच्या स्वयंपाकघरातला होता. नाव उम्म युसुफ. घर पडलं तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. आता ती बहिणीच्या मुलांना घेऊन तंबूत राहते. ढिगाऱ्यातून तिने स्टोव्हची टाकी काढली, पंप काढला, आणि शेवटी हा बर्नर. गॅस नाही, लाकूड मिळत नाही, प्लॅस्टिक वितळवून काढलेलं तेल मिळतं. बर्नर चालेल की नाही हे सांगणारं तिथे कोणी नाही. सामीने तिला सांगितलं होतं की ज्याने हा बनवला तो माणूस मुंबईत आमच्या संपादकासमोर बसलाय. तिने विचारलं होतं : तो चालेल का?

मी नादियाला म्हटलं, फोटो मोठा करा.

तिने केला. अजून. मी चष्मा लावून टेबलाशी वाकलो. मान सरळ होती. आटे शाबूत दिसत होते. डावी नळी चेपली होती, पण चिरलेली नव्हती. निपलच्या, म्हणजे तेल जिथून फवारतं त्या टोपीच्या, भोकात काजळी गच्च बसलेली. पितळ तापून रंग गेला होता, त्याने काही बिघडत नाही. माझी गदाही चांगली उठली होती, गोळ्यासकट. बराच वेळ पाहिलं. दुरून, फोटोवरून पास-नापास करायची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि इथे माल परत घेता येणार नव्हता.

“चालेल,” मी म्हटलं.

मग मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. चेपलेली नळी ठोकून सरळ करू नका, तशीच राहू द्या. निपलमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि मग जाळ कधीच निळा होत नाही. आमच्याकडे यासाठी पत्र्याच्या पट्टीची पिन मिळायची, पूर्वी प्रत्येक घरात चुलीपाशी खोचलेली असे. ती तिथे कुठून येणार? सायकलच्या ब्रेकची तार उसवा, तिच्यातला एकच धागा घ्या. पंपाचा वायसर सुकला असेल तर जुन्या बुटाचं कातडं गोल कापून तेलात भिजवा. ते तेल घाणेरडं आहे, म्हणून बर्नर दुप्पट तापवा. घाई केली तर काय होतं ते मावशीच्या छतावर बघा. हे शेवटचं तिने लिहिलं नाही. एकेक गोष्ट तिने दोनदा वाचून दाखवली आणि कुठला धागा, किती जाड, हे विचारून मला भंडावून सोडलं. उम्म खालिदने खाटेवरून कातडं भिजवायच्या तेलाबद्दल स्वतःचं मत घुसवलं. ते बरोबर होतं, आम्ही तेही घातलं.

निरोप गेला. पोचल्याची खूण मात्र आली नाही.

आता दुरुस्तीची भाषा. इथे मी पुन्हा भाव केला, पण वेगळा. नाव घालायचं का, तिने विचारलं. घातलं नाही तर पोलीस आणि एजंट दोघांनाही अर्धवट वाटेल. घातलं तर पडलेल्या घराशेजारी माझ्या गाळ्याचं नाव कायमचं राहील, आणि आमच्या इस्टेटीत त्याचे अर्थ लावणारे आहेत. मी ओसरीत दोन फेऱ्या मारल्या. मग म्हटलं, गदा छाप, साकीनाका, असं लिहा, आणि ती गदा मारुतीची आहे हेही. तिने सगळं लिहिलं. खालची ओळ संपादकाने न विचारता जोडली होती, हेही लिहिलं आणि आपलं नाव घातलं. फोटो आता अख्खा होता, हातासकट.

“आणि फोटो काढू नका,” मी म्हटलं. “राहू दे.”

“तो राहणारच होता, मिस्टर परब,” ती म्हणाली.

दुपारच्या बोटीने निघालो. स्टोव्ह तिथेच राहिला. मी नेतो म्हणालो नाही, आणि उम्म खालिदने त्यावर चहाचं आधण ठेवलेलं होतं. मावशीने छताच्या चुन्याबद्दल मला धक्क्यापर्यंत ऐकवलं आणि वाळलेल्या बोंबलांची जुडी गोणत्यात कोंबली. तिकिटवाल्याने गोणतं चाचपलं, वास घेतला आणि विचारलं, “पुरावा कुठे गेला?”

साकीनाका

दुबईच्या एजंटाची एक ओळ आली, माल पाठवा. माफीचा शब्द नव्हता, ते मी मनात लिहून ठेवलंय. पोलीस परत आले नाहीत. गालाने दुरुस्ती वाचली आणि अजून तो शटर वर करताना तेच विचारतो, फक्त आता आधी चहा मागवतो. ते पान मी रोज उघडतो. खोडलेली ओळ, दुरुस्ती, आणि तो हात. त्या पानावर बातम्या रोज बदलतात, वाईटाच्या जागी दुसरं वाईट येतं, आणि त्यांतलं किती दोघांकडून विचारून घेतलंय ते आता मला माहीत आहे.

काही दिवसांनी लेथ चालू असताना नादियाचा फोन आला. दोघी अम्मानला परतल्या होत्या. मी गाळ्याबाहेर गेलो.

“पेटला,” ती म्हणाली. “सामीने कळवलंय. काल त्यावर भाकऱ्या झाल्या, शेजारच्या तंबूतल्यांच्याही. जाळ पिवळा आहे, पण चालतंय.”

“पिवळा?” माझं डोकं सटकलं. “पिवळा म्हणजे सुई घातली कोणीतरी. मी सांगितलं होतं, सुई घालू नका.”

“मिस्टर परब, तिथे कोणाची तक्रार नाही.”

“माझी आहे,” मी म्हटलं. “त्यांना विचारा, भोक मोठं झालंय की बर्नर कमी तापवलाय. आणि एकट्या सामीला नको. दोघांना विचारा. एकाने तरी तो हातात धरलेला असला पाहिजे.”